दादूनानाच्या टँकरमध्ये तेल किती

माणसानं गाढवपणा जरूर करावा, पण पांढऱ्या कपड्यांत करू नये. मी केला. भर शाहूपुरीच्या पेठेत, सकाळी अकराच्या उन्हात, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून. बघायला हमाल, गिऱ्हाइकं आणि समोरच्या दवाखान्यातले पेशंट धरून पंचवीसएक माणसं होती. त्यातले दोन पेशंट तर तपासणीचा नंबर सोडून खाली आले होते. पुढचं ऐकायचं असेल तर चहा मागवा, कारण हे सांगताना माझा घसा अजून कोरडा पडतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा मुरगूडचा. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध उसाला पाणी पाजण्यापुरता. त्या घरातला मी, कसा कोण जाणे, बोटीवर गेलो. बोट म्हणजे तेल वाहून नेणारं टँकर जहाज, आणि मी त्यावरचा थर्ड ऑफिसर. ऐकायला बरं वाटतं ना? आता खरं सांगतो. डेकवर कॅप्टनच्या हाताखाली ऑफिसर तीनच होते. त्यातला मी तिसरा.

आमच्या जहाजावर एक मोठं काम असायचं, तेलाच्या मोजणीचं. तेल तापलं की फुगतं आणि थंड झालं की आकसतं. उष्ण देशात भरलेलं तेल थंड देशात पोचलं की कमी भरतं. कुणी एक थेंब चोरलेला नसतो, तरी कमी भरतं. म्हणून प्रत्येक टाकीत टेप सोडून तेल किती खोल आहे ते बघायचं, थर्मामीटर सोडून ते किती गरम आहे ते बघायचं, आणि मग कागदावर काढायचं की हे तेल ठरलेल्या तापमानाला किती भरलं असतं. टेप आणि थर्मामीटर माझ्याकडे. कागदाचं काम चीफ ऑफिसरकडे. पण मुरगुडात एवढी बारीक वाटणी कुणाला समजावत बसणार? सुट्टीवर आलो की मी सांगायचो, तेल मी मोजतो.

आमच्या मामांनी त्याच्यावर आणखी मजला चढवला. मामांना लग्नं जुळवायचा भारी नाद. स्वतःच्या म्हशीला वेळेवर वैरण नाही, पण पाच तालुक्यांतली लग्नाची पोरं-पोरी तोंडपाठ. ते जातील तिथं सांगत सुटले, "दोन-दोन लाख टनाचं जहाज. आमचा राजू एकटा मोजतोय."

तर ह्या एकट्या मोजणाऱ्या राजूला शाहूपुरीतलं स्थळ आलं. आमच्यातलंच लिंगायत घर, तीन पिढ्यांचा खाद्यतेलाचा व्यापार. खाली दुकान, बाजूला गोदाम, वर घर. मुलीच्या वडिलांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. मुलगी गिरिजा, बी.कॉम. झालेली. गोदामात किती माल आला, किती गेला, हे सगळं तीच बघते, हे मामांनी मला हळू आवाजात सांगितलं. त्यांना ते व्यंग वाटत होतं.

जायच्या दिवशी मामा म्हणाले, "वर्दी घाल."

"मामा, मुलगी बघायला चाललोय. बंदरावर न्हाय."

"गप की. तुझ्या तोंडाकडं बघून पोरगी कोण देणार हाय? घाल वर्दी."

घातली. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट, खांद्यावर पट्ट्या. शाहूपुरीत दुकानासमोर रिक्षातून उतरलो आणि पायरीवर बसलेला एक हमाल आत बघून ओरडला, "अण्णा, बँडवालं आल्यात."

दुसऱ्या हमालानं माझ्या मागं रिक्षात डोकावून बघितलं. "एकटाच? बाकीची पार्टी मागनं येती व्हय?"

मामा हसले. मी हसलो नाही. इथंच माझं डोकं बिघडलं होतं असं मला आता वाटतं. त्या हमालांना काहीतरी दाखवून द्यायचं, हे मनात तिथंच बसलं.

वर गेलो. कपाळावर विभूती लावलेले अण्णा लोडाला टेकून बसले होते. आवाज खणखणीत, आणि इकडचं तिकडचं बोलणं अजिबात नाही.

"काय करतासा म्हणं बोटीवर?"

"तेल मोजतो," मी म्हणालो. मी शुद्ध बोलत होतो. पुण्याला चार महिने राहून आलेला माणूस बोलतो तसं.

"म्हंजी तोलार?"

"नाही नाही. त्याचं असं आहे, तेल उष्णतेनं वाढतं आणि थंडीनं कमी होतं. ते किती वाढलं, किती कमी झालं, याचं शास्त्र आहे."

अण्णांनी विचार केला. "किलोनं घेतलं तर?"

"म्हणजे?"

"किलोनं घेतलेलं तेल उन्हात वाढतंय व्हय?"

"नाही. वजन तेवढंच राहतं. लिटरमध्ये वाढतं."

"मग आमीच शाणं म्हणायचं. तीन पिढ्या झाल्या, किलोनंच घेतोय. आमाला शास्त्र लागलं न्हाय."

मामा घाईघाईनं म्हणाले, "समुद्रात काटा कुठनं आणणार, अण्णा? जहाज काट्यावर चढवायचं म्हंजी..." आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

अण्णांचा स्वतःचा टँकर होता. मुंबईच्या बंदरावरून पामतेल भरून आला होता. तो चालवणारे दादूनाना वर आले आणि दाराशीच उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, गळ्यात टॉवेल. बावीस वर्षं अण्णांकडे. लोक म्हैस जपतात तशी ते ती गाडी जपायचे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक ड्रायव्हर दिसला.

"अण्णा, काट्यावरची लाईट गेलीया. दुपारशिवाय वजन हुईत न्हाय. गाडी लावलीया गोदामाम्होरं. थंडी हाय, सव्वाशेभर लिटर बसलं आसंल."

"बसलं आसंल म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी आकसलं आसंल की. थंडीत बसतंय त्याल."

मला ते लागलं. मी एवढं शिकून, सात समुद्र हिंडून जे सांगत होतो, ते हा माणूस दाराशी उभा राहून टॉवेलनं तोंड पुसत सांगत होता. आणि तेही आकड्यासकट.

अण्णा माझ्याकडे वळले. "बरं झालं. जहाज मोजणारं पावणं घरात असताना काट्याची वाट कशाला बघायची? मोजा की आमची गाडी."

"डाव्या हातानं मोजंल," मामा म्हणाले.

नाही म्हणायची सोय होती का, तुम्हीच सांगा. मी उठलो. जिन्यातून उतरताना आतल्या दाराच्या पडद्याआड कुणीतरी हललं. मी छाती आणखी दोन इंच पुढे काढली.

टँकर गोदामाच्या दारात तोंड घालून उभा होता. एकच लांबलचक गोल टाकी. वर दोन झाकणं, एक मधोमध, एक मागच्या टोकाला. चढायची शिडी मागं. मी चढलो आणि थबकलो. टाकीच्या पाठीवर तेलाचा आणि धुळीचा मिळून असा काही लेप बसला होता, की मधल्या झाकणापर्यंत जायचं म्हणजे पांढऱ्या पँटीचा निकाल. मागचं झाकण हाताशी होतं. टाकी एकसारखी गोल, तेल सगळीकडे सारखंच खोल असणार. मी मागचं झाकण उघडलं.

खालून दादूनाना म्हणाले, "पावणं, मधल्या झाकणातनं..."

"नाना," मी वरून म्हणालो, "मोजायचं काम मला माहीत आहे. तुम्ही गाडी चालवा."

दादूनाना शिडीपासून बाजूला झाले. पुढचं सगळं ह्या एका वाक्यामुळे झालं.

गाडीबरोबर खुणा केलेली पितळी पट्टी होती आणि कुठल्या खुणेला किती लिटर याचा तक्ता होता. पट्टी बुडवून खूण वाचली. आता तापमान. एका हमालानं समोरच्या दवाखान्यातून तापाचा थर्मामीटर आणला. मी तो दोरीला बांधून तेलात सोडला. पाच मिनिटांनी काढला तर पारा हललेला नाही. हलेल कसा? तो थर्मामीटर सुरूच होतो पस्तीसच्या पुढे, आणि तेल होतं गार.

"ताप न्हाय गाडीला," खालून एक पेशंट म्हणाला.

मग शेजारच्या दूध डेअरीतून दुधात बुडवायचा थर्मामीटर आला. तेल सत्तावीस अंश. मुंबईत भरल्याची चिठ्ठी अण्णांनी वर पाठवली. त्यावर अकरा हजार लिटर, तापमान बेचाळीस. माझं पहिलं जहाज पामतेलाचंच होतं, म्हणून ठोकताळा डोक्यात होता. एक अंश गार झालं की हजार लिटरमागं पाऊण लिटर कमी. पंधरा अंशांचा फरक. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गणित मांडलं. थंडीनं कमी झालेलं तेल एकशे चोवीस लिटर. म्हणजे दादूनानाचं सव्वाशे बरोबर होतं. पण मला त्याचं कौतुक करायला वेळ नव्हता, कारण पट्टी सांगत होती की गाडीत तेल कमी आहे सहाशे चाळीस लिटर.

मी पुन्हा बघितलं. पट्टी पुसून पुन्हा बुडवली. सहाशे चाळीसच.

मी तिथंच उभा राहिलो, एक हात कमरेवर ठेवला आणि सगळ्या शाहूपुरीला ऐकू जाईल असं बोललो, "थंडीनं कमी झालं एकशे चोवीस लिटर. राहिलं पाचशे सोळा. हे पाचशे सोळा लिटर कुठल्याही शास्त्रात बसत नाही. हे तेल वाटेत उतरवलेलं आहे."

एका हमालानं मनातल्या मनात पंधरा किलोच्या डब्यांचा भागाकार केला आणि म्हणाला, "एकतीस डबं."

सगळ्यांनी दादूनानाकडे बघितलं.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला अभिमान वाटत होता. मघाशी मला बँडवाला म्हणणारा हमाल तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता, आणि मला ते फार आवडत होतं.

दादूनानांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. पायरीवर रिकामं पोतं होतं, त्यावर ठेवली.

"अण्णा, बावीस वर्सं झाली. कवा वाटीभर त्याल घराला न्हेलं असलं तर सांगा."

अण्णांनी किल्लीकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"पावण्यांचं गणित खरं असंल तर माझं हितं काय काम न्हाय," दादूनाना म्हणाले आणि रस्ता ओलांडून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. पाठ आमच्याकडे करून.

आता कुणालाही वाटेल की मुलगी बघायचा कार्यक्रम तिथंच मोडला असेल. पण उप्पीट झालं होतं. आपल्याकडे उप्पीट झालं की माणसं खाल्ल्याशिवाय उठत नाहीत, मग घरात काहीही होवो. आम्ही परत वर जाऊन बसलो. अण्णा सारखे जिन्याकडे बघत होते. मी मात्र खुशीत. मामा माझ्या कानात म्हणाले, "चोर पकडून दिलास लेका. आता कसली नाही म्हणत्यात." मलाही तसंच वाटत होतं.

गिरिजा बशा घेऊन आली. बशा ठेवल्या, चहा ठेवला आणि बसायच्या आधी गॅलरीत जाऊन एकदा खाली बघून आली. मग बसली. मान खाली वगैरे काही नाही. सरळ माझ्याकडे बघत होती.

"विचार की काय विचारायचं ते," मामा म्हणाले.

आता काय विचारायचं? "आवड कशाची आहे?" मी म्हणालो.

"खरं-खोटं बघायची," ती म्हणाली.

मामांना ठसका लागला. अण्णा तिला म्हणाले, "तुला काय विचारायचं असंल तर विचार."

"एकच विचारायचंय." ती माझ्याकडे वळली. "जहाज पाण्यावर कायम सरळच असतंय व्हय?"

किती छान प्रश्न! मला वाटलं, पोरगी हुशार आहे, माझ्या कामात रस घेतेय. मी मांडी सावरली आणि सुरू झालो.

"सरळ? छे. जहाज कधीच सरळ नसतं. कधी नाक वर, कधी शेपूट वर, कधी एका कुशीला. हे बघा." मी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी हळूच कलती केली. "बशी अशी कलली की चहा इकडच्या काठाला आला. इथं बोट बुडवलं तर चहा भरपूर. त्या काठाला बुडवलं तर चहाच नाही. चहा तेवढाच आहे, बरं का. पण मोजणारा फसला."

"मग तुम्ही काय करता?"

"टेप सोडायच्या आधी आमचं पहिलं काम म्हणजे जहाज किती कललंय ते बघणं. त्याचा वेगळा तक्ता असतो. त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करायचा. तापमान नंतर. हे आधी."

"आणि कुणी ते न बघताच मोजलं तर?"

"तर मोजणारा गाढव," मी म्हणालो आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

ती उठली. "जरा गॅलरीत येता?"

मी गेलो. पाठोपाठ अण्णा, त्यांच्या पाठोपाठ मामा. गॅलरीतून खाली आख्खा टँकर आडवा दिसत होता. गोदाम रस्त्यापेक्षा खाली होतं. रस्त्यापासून गोदामाच्या दारापर्यंत फरशीचा उतार होता, डोळ्यांत भरण्याइतका. टँकरची मागची चाकं वर रस्त्यावर, पुढची चाकं खाली दारात. सगळं तेल पुढं धावलेलं आणि मी मोजलं होतं मागून. बाजूला एक रिकामी हातगाडी उभी होती. ती घरंगळू नये म्हणून तिच्या चाकांना दगड लावले होते.

हातगाडीच्या मालकाला जे कळलं ते मला कळलं नव्हतं. समुद्रावर आम्ही पायाखालच्या लोखंडावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, सारखं किती कललं, किती कललं करत असतो. आणि जमिनीवर पाय पडला की संपलं. जमीन ती जमीन, ती कशाला कलतेय? एवढ्या मोजण्या केल्या मी, पण जमीन सरळ आहे की नाही ते बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

"आरं देवा," मामा म्हणाले.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग समोरच्या पायरीवर पाठ करून बसलेल्या माणसाकडे. आणि त्या वेळी मला लाज आली. बावीस वर्षं कमावलेलं नाव मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पुसून टाकलं होतं, आणि तेही बँडवाला म्हटल्याच्या रागात.

मी खाली उतरलो. रस्ता ओलांडला. दादूनानाच्या पुढं जाऊन उभा राहिलो. माझं शुद्ध बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"नाना, चुकलं माझं. गाडी उतारावर हाय. मी बघितलंच न्हाय."

"व्हय," दादूनाना म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सांगाय गेलतो की. तुमी म्हटलासा, गाडी चालवा."

"मग मी चोरी म्हटलो तेव्हा तरी सांगायचं."

आता त्यांनी वर बघितलं. "का सांगू? बावीस वर्सानं बी मला सांगाय लागत असंल, तर सांगून काय उपेग?"

मी म्हणालो, "माफी मागतो."

"हितं हळू आवाजात मागून काय करू? चोर म्हटलासा ते गाडीवर चढून म्हटलासा. चढा की परत."

त्यांनी स्वतः जाऊन पोत्यावरची किल्ली उचलली. गाडी मागं घेतली, वर सपाट रस्त्यावर आणली. मी शिडी चढलो. ह्या वेळी मधलं झाकण. चार पावलं नीट गेली. पाचव्या पावलाला पाय सरकला आणि मी बसलोच. पुढचं अंतर मी बसूनच कापलं. पँट त्या दिवशी पिवळी झाली ती कायमची.

पट्टी बुडवली. कमी भरत होतं एकशे तीस लिटर.

"एकशे चोवीस थंडीचं," मी वरून म्हणालो.

"आन् वरचं सहा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

पट्टीच्या खुणा जाड असतात, त्यात दहा-पाच लिटर इकडेतिकडे व्हायचेच. ह्याचं शास्त्रही माझ्याकडे होतं. पण खालून मामा हात जोडत होते, म्हणून मी ते गिळलं. आणि मोठ्यांदा म्हणालो, "दादूनानांनी एक थेंबसुद्धा तेल घेतलेलं नाही. गाडी उतारावर होती. ते मी बघितलं नाही. चूक माझी."

"ऐकू आलं न्हाय," तोच हमाल. बँडवाला म्हणणारा.

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

"दवाखान्यापत्तूर आलं न्हाय," पेशंट म्हणाला.

तिसऱ्यांदा सांगितलं. ह्या वेळी डेअरीवाल्यापर्यंत पोचलं असावं, कारण तो थर्मामीटर परत न्यायला आला.

खाली उतरलो. माझ्या अंगाला तेलाचा वास आणि मागं पँटीवर गोल नकाशा. अण्णा पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "पेपरात सारखं येतंय, समुद्रात तेल सांडलं, जहाजातनं तेल सांडलं. मी म्हणत हुतो, एवढी शिकलेली माणसं असत्यात, तरी सांडतंय कसं? आज कळलं."

मी मामांकडे बघितलं. मामा रिक्षा शोधत होते. संपलं होतं सगळं, आणि खरं सांगायचं तर ते योग्यच होतं. मी अण्णांना नमस्कार करायला वाकलो. वाकलो तशी मागं हमालांत खसखस पिकली, नकाशा त्यांच्याकडे होता.

"थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. "गिरिजे, तुझं काय?"

वरून सगळ्यांदेखत उत्तर आलं. "चुकले ते चुकले. चुकलो म्हणाले, तीनदा. मला चालतंय. पर माझ्या चालण्याला काय, चोर दादूनानाला म्हटलंय. त्यांनी सांगावं."

आमच्याकडे लग्नं जुळताना भटजी, जंगम, आत्या, काका, गावचे चार शहाणे, सगळ्यांना विचारतात. ड्रायव्हरला विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आणि त्याच्या उत्तराची वाट बघताना मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. कारण मघाच्या त्या प्रश्नानं, त्या बशीच्या खेळानं, माझी दांडी अशी काही उडाली होती, की आता मला दुसरी कुठली मुलगी नकोच होती.

"दादू," अण्णा म्हणाले, "तू बोल. तुझा शब्द शेवटचा. न्हाय म्हटलास तर पावणं चहा पिऊन जातील."

दादूनानांनी टॉवेलनं हात पुसले. सावकाश. एकेक बोट. मला वाटलं, बावीस वर्षांचा हिशोब ते त्या बोटांवर करताहेत.

"माणूस वंगाळ न्हाय, अण्णा," ते शेवटी म्हणाले. "तोंड मोठं हाय, पर चूक बी त्याच तोंडानं बोलला. द्या पोरगी."

मामांनी रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

"फकस्त एक करा," दादूनाना म्हणाले. "लग्नाचा मांडव तेवढा सपाट जाग्याला घाला. उतार असला तर ह्यो नवरी कमी भरली म्हणंल, आन् भर मांडवात चोर हुडकाय लागंल."

मांडवाची जागा बघायला अण्णांनी दादूनानांनाच पाठवलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.